डाव्या खांद्याची बंदूक

ज्या दिवशी डेपोच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला, त्या दिवशी बाबांच्या हातातून गाडी गेली. डाव्या डोळ्याने त्यांनी तक्ता वाचला. उजव्या डोळ्याने वाचता आला नाही. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर अडीच वर्षांनी बाबांनी बंदूक मागितली.

मधल्या काळात काय झालं ते आधी सांगतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. जळगाव जामोदपासून बुलढाण्यापर्यंतचा रस्ता त्यांना इतका पाठ होता की राजूर घाटातलं कुठलं वळण कुठल्या गिअरमध्ये घ्यायचं, हे ते झोपेतही बडबडत. डोळ्याचा कागद झाल्यावर त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं ते माईकवरून दुसऱ्यांच्या गाड्या जाहीर करत राहिले. घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. पण आईने भाजी वाढताना "मीठ कमी पडलं का पाहा" म्हटलं, की "मले कोठी दिसते" असं म्हणून ताट पुढे ओढत.

बाबांना जाऊन आता अकरा महिने झाले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. शोक कसा करावा यावर आमच्या ग्रंथालयात दोन पुस्तकं आहेत, ती मी वाचली. दोन्हींत लिहिलं आहे की गेलेल्या माणसाच्या आठवणी लिहून काढाव्यात. दोन्हींपैकी एकाही पुस्तकाने सांगितलं नाही की लिहायला बसल्यावर पहिल्यांदा हसू येईल.

तर बंदूक. बाबा पेन्शनच्या कागदासाठी बुलढाण्याला गेले होते. काम झालं नाही (ते पहिल्या खेपेत व्हायचं नसतंच), म्हणून गावात फिरत असताना त्यांना एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला पाटी दिसली. तिथल्या मागच्या हॉलमध्ये वानखडे नावाचे सर दहा मीटरवरून कागदावर छर्रे मारायला शिकवत. लग्नाची तारीख असली की नेमबाजी बंद, आणि हॉलमध्ये जेवणाच्या पंगती. त्या दिवशी लग्न नव्हतं. बाबांनी दहा छर्रे मारले आणि तो कागद पेन्शनच्या फायलीत घालून घरी आणला.

संध्याकाळी त्यांनी तो आईसमोर ठेवला. मधल्या काळ्या गोलात आठ भोकं होती.

आईने विचारलं, हे चाळणीचं काय?

"डोया," बाबा म्हणाले. डोया म्हणजे डोळा. "हा माह्या डोया हाय."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. फेब्रुवारीत त्याच हॉलमध्ये स्पर्धा होणार होती आणि तिच्यात साठीच्या आसपासच्यांचा वेगळा गट होता. वानखडे सरांच्या बंदुका दोनच, आणि त्यांच्यावर रांग. स्वतःची आणली तर रोज घरी सराव करता येईल. स्पर्धेत नंबर आला की छापील कागद मिळतो. तो कागद घेऊन त्यांना डेपोत जायचं होतं.

"जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"दाखवीन."

बाबांच्या मनात आधी बँकेच्या गाडीवर बसणाऱ्या शिपायाकडे असते तसली आखूड कार्बाइन होती. हाताला सुटसुटीत, गाडीत ठेवायला सोपी (आता गाडी नव्हती, पण सवय). मी त्यांना समजावलं की ती पोलिसांची गोष्ट आहे, आपल्याला मिळायची नाही आणि मिळू नये. आपल्याला लागते ती छर्ऱ्याची, हवेच्या जोरावर चालणारी. एवढ्या कमी जोराच्या, म्हणजे वीस ज्यूलच्या आतल्या, बंदुकीला परवाना लागत नाही, हे मी नियमांच्या पुस्तकात दोनदा वाचलं आणि खात्रीसाठी पोलीस पाटलांनाही विचारून आलो. (ही खात्री मला पुढे फार महागात पडली.)

आईची हरकत वेगळी होती. पौर्णिमेला विहारात जाऊन प्राणिहिंसा करणार नाही असं शील घ्यायचं आणि घरात बंदूक आणायची, हे तिला पटत नव्हतं. बाबांनी विचारलं, कागदाले काय जीव असते का? आईने विचार केला आणि अट घातली. पाखरू नाही, कुत्रं नाही, उंदीर नाही, पाल तर मुळीच नाही. बाबांनी चारही अटी मान्य केल्या.

आता प्रश्न राहिला निवडीचा. आणि तो बाबांनी माझ्यावर सोपवला, कारण मी शिकलेला होतो.

मी कुठलंही काम आधी वाचून करतो. सायकलसुद्धा मी वाचून शिकलो (उजव्या गुडघ्यावर खूण आहे). मी ग्रंथालयातली एक कोरी वही घेतली, तिच्यात रकाने आखले आणि बावीस बंदुकांची माहिती भरली. वजन, लांबी, नळी, स्प्रिंग, घोड्याचा ताण, छर्ऱ्याचा वेग, किंमत. स्वस्त होत्या त्यांची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, प्लास्टिकची होती. चांगल्या होत्या त्यांच्या किमतीत एक म्हैस आली असती. मधल्या होत्या त्या चार-चार किलोच्या, आणि बाबा एकसष्ट वर्षांचे. वही भरत गेली. बाबा रोज जेवताना विचारत, "कोठंवर आली गाडी?" मी सांगायचो, अजून तुलना चालू आहे.

"तुलना करून राह्यला की लगन लावून राह्यला?"

एकदा ते म्हणाले, गाडी घ्यायची तर आधी तिच्यात बसून पाहावं लागतं. चल अकोल्याले, हातात धरून पाहू. मी म्हणालो, हातात धरून अंदाज येतो, मापाने खात्री येते. असली वाक्यं मी त्या काळात बोलत असे. आणि माप घ्यायला मी दुपारी, बाबा जेवून झोपले असताना, आईचा शिवणाचा टेप घेऊन गेलो. कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत, खांद्यापासून गालापर्यंत. उजव्या बाजूने, कारण ते डाव्या कुशीवर झोपले होते. माप चालू असताना त्यांचा डोळा उघडला. टेप त्यांच्या गळ्याभोवती होता. पुढचे दोन दिवस ते दुपारी दाराला आतून कडी लावून झोपले.

वानखडे सरांनाही मी फोन केला. त्यांनी सांगितलं, कमी पैशात घ्यायची तर तीनच गोष्टी पाहा. वजन पेलतं का, घोडा हलका आहे का, आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता गालाला बसतो का. बाकी सगळं सोडा. मी पहिल्या दोन गोष्टी वहीत लिहिल्या. तिसरीला रकाना नव्हता.

शेवटी अकोल्याच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांकडे एक जुनी, पण खास स्पर्धेसाठी बनवलेली बंदूक विकायला असल्याचं कळलं. वजन बेताचं, घोडा लोण्यासारखा, किंमत आमच्या आवाक्यात. दस्ता अक्रोडाचा, गालाला टेकण्यासाठी एका बाजूला फुगवलेला, मुठीला बोटांच्या खाचा. माझ्या मापांशी तो तंतोतंत जुळत होता. मी बाबांना न सांगता रविवारी गेलो. त्यांना चकित करायचं होतं.

बंदुकीची मूळ पेटी हरवली होती, म्हणून मी जाताना आईची एक गोधडी नेली होती. गोधडीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर आडवी घेऊन मी बसमध्ये बसलो. कंडक्टर आला. त्याने विचारलं, काय आहे हे?

माणसाने अशा वेळी "पडद्याचा दांडा" म्हणावं. मी लहानपणापासून खरं बोलतो.

"बंदूक," मी म्हणालो.

माझ्या शेजारचा माणूस उठून मागे गेला. पुढच्या बाकावरच्या बाईंनी टोपली उचलली. मी उठून उभा राहिलो आणि घाबरू नका, ही वीस ज्यूलच्या आतली आहे, असं सर्वांना सांगितलं. त्याने फारसा फरक पडला नाही. खामगावपर्यंत माझ्या आजूबाजूचे तीन बाक मोकळे होते आणि त्याच वेळी दाराशी माणसं उभी होती. नांदुऱ्याला चढलेल्यांमध्ये आमच्या वडनेरचे चौघे होते. त्यांनी मला ओळखलं, गोधडीकडे पाहिलं, आणि आमच्या बंदुकीबद्दल पोलीस पाटलांकडून जे अर्धवट ऐकलं होतं ते पूर्ण झालं.

घरी आल्यावर सगळी हकिकत ऐकून बाबांनी एकच प्रश्न विचारला. "लगेजचं तिकीट काढलं का नाई?"

कंडक्टर जवळ यायलाच तयार नव्हता, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले की नियम म्हणजे नियम, आणि थोडा वेळ नाराज राहिले. मग त्यांनी गोधडी उलगडली. अक्रोडावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, माझी वही सार्थकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो तर आमचा धुरा सरकलेला होता.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या शेताला लागून सुखदेवकाकांचं शेत आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, दर नांगरटीला वीतभर आमच्याकडे सरकायचा. पंधरा वर्षं सरकत होता. बाबा आणि सुखदेवकाका त्यावरून पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पण दोघंही धुऱ्यावर उभे राहून बैलांशी, हवेशी, कपाशीशी मोठ्यानं बोलत, आणि ते एकमेकांना बरोबर ऐकू जाई. त्या सकाळी धुरा दोन हात मागे, सुखदेवकाकांच्या हद्दीत गेलेला होता. माती ओली होती. वर चुना टाकला होता, म्हणजे शंका नको.

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"लोकाईले वाटलं मी भांडनासाठी आनली," ते म्हणाले. "आता त्याच्या घरी जाऊन सांगतो."

इथे मी त्यांना थांबवायला हवं होतं. गैरसमज दूर करायला जाताना बंदूक घरी ठेवावी, एवढं तरी सुचायला हवं होतं. पण खेळाची आहे हे पाहिल्याशिवाय त्याले पटणार नाही, असं बाबांचं म्हणणं पडलं आणि मला ते तर्कशुद्ध वाटलं. बाबा खांद्यावर बंदूक टाकून पुढे, आणि ज्यूल समजावण्यासाठी वही घेऊन मी मागे, असे आम्ही सुखदेवकाकांच्या दारात पोचलो.

काकू दारात आल्या. ते गावाला गेले म्हणाल्या. त्याच क्षणी मागचं दार वाजलं आणि घरामागच्या कपाशीत एक पांढरी टोपी वाकून पळताना दिसली. मग टोपी थांबली. कपाशीची बोंडं आणि टोपी यांत फरक कळणार नाही, अशी काकांची अपेक्षा असावी.

बाबा कपाशीच्या कडेला जाऊन उभे राहिले. "सुखदेव, खेळन्याची हाय. ये भाईर."

कपाशीतून आवाज आला, "भाऊ, अजून हातभर सोडतो."

पंधरा वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच सरळ एकमेकांशी बोलले होते. बाबांनी परत सांगितलं की शेत नको, फक्त पाहा. मी वहीतून वाचून दाखवू लागलो. बाबांनी मला गप्प केलं. मग समोरच्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांकडे बोट करून ते म्हणाले, "ते मधली गवरी पाह्य."

त्यांनी बंदूक उचलली. आणि डाव्या खांद्याला लावली.

मी अडतीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहिलो होतो. बावीस बंदुकांचा अभ्यास केला होता. त्यांना नेम धरताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. उजव्या डोळ्याला तक्ता दिसत नव्हता, म्हणूनच तर हे सगळं सुरू झालं. मग माणूस नेम कुठल्या डोळ्याने धरणार? गालासाठी फुगवलेलं अक्रोड बाबांच्या गालापासून दूर, बाहेरच्या बाजूला होतं. बोटांच्या खाचांत बोटं बसत नव्हती. मान वाकडी करून, दस्ता कसाबसा दाबून त्यांनी घोडा ओढला.

गोवरी जागची हलली नाही. तिच्या बाजूला सुखदेवकाकांचा पाण्याचा रांजण होता. त्यातून बारीक धार लागली.

कपाशीतून टोपी बाहेर आली. काका चालत आले, धारेखाली हात धरून पाहिला आणि सरळपणे म्हणाले, "भाऊ, नेम चुकला तुह्या."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण गल्लीतले सात-आठ जण एव्हाना जमले होते आणि ते सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी बंदूक माझ्याकडे दिली. ते पुढे चालू लागले. घरी आल्यावर मी दस्त्याचं सांगायला लागलो, चूक माझी आहे म्हणालो, परत बदलून आणतो म्हणालो.

"बंदूक चांगली हाय," बाबा म्हणाले. "डोयाच गेला. डाक्टर खोटं नव्हता लिहून राह्यला."

त्यांनी ती गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवली. वानखडे सरांकडचा आठ भोकांचा कागद त्यांनी भिंतीवर लावला होता, तो काढला आणि परत पेन्शनच्या फायलीत घातला. मी त्या दिवशी जेवलो नाही. आईने वही उचलून दळणाच्या डब्याखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सुखदेवकाका आमच्या दारात आले. रांजणाची भरपाई मागायला आले असतील असं मला वाटलं आणि मी पाकीट शोधू लागलो. काका आत आले, कपाटाकडे बोट करून म्हणाले, ते काढ. ट्रॅक्टर यायच्या आधी काका गावाच्या पेरणीच्या तिफणींची आणि वखरांची लाकडं घडवायचे. अजूनही कुऱ्हाडीचे दांडे आणि विळ्यांच्या मुठी तेच करतात. त्यांनी बंदूक हातात घेऊन उलटसुलट केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनं आनली हे?"

मी म्हणालो, मी.

"डावऱ्याले उजव्या मुठीचा इया देला तर तो गवत कापीन का बोट?" इया म्हणजे विळा. "काऊन गा, इतका शिकला, अन् बाप कोन्या डोयानं पाह्यते हे नाई पाह्यलं?"

बाबा खाटेवरून उठून जवळ आले होते.

पुढचे चार दिवस आमच्या अंगणात कडुनिंबाखाली काम चाललं. काकांनी बाभळीचा वाळलेला ओंडका आणला. टेप घेतला नाही. बाबांना उभं केलं, हातात एक काठी दिली आणि डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितलं. जिथे गाल टेकला तिथे कोळशाने खूण. मग परत. मग परत. "आता हात मोकया सोड भाऊ. स्टेरिंग नाई ते." बाबा हसले. वाकसाने तासून, रंध्याने घासून, शेवटी काचेच्या तुकड्याने गुळगुळीत करून त्यांनी दस्ता बसवला. मधूनमधून दोघं धुऱ्याबद्दल बोलत, आणि आता तो कुठे असावा यावर भांडत. पण एकाच चटईवर बसून. माझ्याकडे चहा आणण्याचं काम होतं. ते मी न वाचता करू शकत होतो.

तयार झालेली वस्तू पाहून आई म्हणाली, "हे घेऊन पेराले चालले काय?"

तिचं बरोबर होतं. नळी स्पर्धेची आणि बाकी सगळं तिफणीचं. पण बाबांनी ती डाव्या खांद्याला लावली आणि ती तिथेच राहिली, जणू खांद्यातूनच निघाली होती.

फेब्रुवारीत आम्ही तिघं मोताळ्यावरून बुलढाण्याला गेलो. बाबा, सुखदेवकाका आणि मी. (लगेजचं तिकीट काढलं.) आदल्या दिवशी हॉलमध्ये लग्न झालं होतं आणि मंडपवाला यायचा होता, त्यामुळे नेमाच्या कागदांच्या वर झेंडूची कमान आणि "शुभविवाह" अशी थर्माकोलची अक्षरं तशीच होती. वानखडे सरांनी दस्ता हातात घेतला, वजन पाहिलं, दोरीने माप घेतलं आणि हे कुठल्या कंपनीचं म्हणून विचारलं. काका म्हणाले, बाभयीचं.

त्या गटात तीनच स्पर्धक होते. एक होमगार्डमधून निवृत्त झालेले गृहस्थ, एक शांत सोनार, आणि बाबा. चाळीस छर्रे. मी मागे हात खिशात घालून उभा होतो. घाटात चढताना जसे बसायचे तसे बाबा पाय रोवून उभे होते, आणि प्रत्येक छर्ऱ्यानंतर हलकेच मान हलवायचे, एखादं वळण मागे टाकल्यासारखी.

बाबांचा दुसरा नंबर आला. होमगार्ड पहिले. सोनार म्हणाले, मी फक्त सोबतीला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बाबा डेपोत गेले. मला घेऊन गेले. आधीचे मॅनेजर बदलून गेले होते, डॉक्टरही कोणी वेगळेच येत होते. नव्या मॅनेजरने कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला, अभिनंदन केलं आणि विचारलं, काका, काही काम होतं का?

"नाई," बाबा म्हणाले. "दाखवाचं होतं फक्त."

"कोणाला?"

बाबांनी कागद परत घेऊन घडी न घालता माझ्याकडे दिला. "मलेच," ते म्हणाले.

परत येताना ते ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय क्लचसाठी खाली जायचा. उरलेली दीड वर्षं ते दर रविवारी बुलढाण्याला जात राहिले. घरात मीठ कमी पडलं तर ते आता सरळ सांगायचे.

बाबा नाहीत. बंदूक आहे, छर्ऱ्यांचे तीन डबे आहेत, आणि रविवारचा दिवस आहे. लग्नाची तारीख नसली की मी जातो. आजवर माझे एकोणीस छर्रे कागदाला लागले आहेत. भिंतीला किती लागले, ते वानखडे सर चांगुलपणाने मोजत नाहीत.